रिओहा, भरीत आणि मे महिना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात स्पेनच्या रेड वाइनवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर जळगाव-धुळे-नंदुरबारकडून इतके मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. बऱ्याच जणांनी नाव छापू नका सांगितलंय म्हणून फक्त गावं दिलीत, आणि सारखे प्रश्न एकत्र केलेत. पिण्याचं परमिट, वयाची अट आणि गाडी चालवायची नाही हे तिन्ही पाळूनच पुढचं सगळं वाचा.

जळगावहून एक वाचक: भाऊ, मुलगा माद्रिदला नोकरीला आहे, येताना त्याने स्पेनच्या रिओहा भागातली रेसेर्वा आणली. सगळीकडे लिहिलेलं असतं की रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची, म्हणून मे महिन्यात शोकेसमधून काढून तशीच उघडली. नाकात नुसता स्पिरिटचा भपकारा आणि तोंडात गरम, कडू. एवढी भारी बाटली अशी का लागली?

दादा, बाटली बहुतेक चांगलीच होती, मे महिन्याने तिचं वाटोळं केलं. हे रूम टेम्परेचर युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं आहे, तिथल्या खोलीत १६ ते १८ डिग्री असायचं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, रात्री दहा वाजतासुद्धा हॉलमध्ये ३५ असतं. एवढ्या गरम वाइनमधून अल्कोहोलच आधी उडून नाकात शिरतं (रेसेर्वामध्ये साडेतेरा-चौदा टक्के असतंच) आणि फळाचा, लाकडाचा वास त्याच्यामागे दबून जातो, मग तुम्हाला जे लागलं तेच लागतं. रेसेर्वा असो की ग्रान रेसेर्वा (ही नावं वाइन किती मुरवली ते सांगतात, खाली येतंच), १६ ते १८ डिग्रीला प्यायची, क्रियान्सा त्याहून एखादी डिग्री कमी, आणि लाकडात न ठेवलेली ताजी होवेन तर १३-१४ ला मस्त लागते.

आता घरात हे कसं जमवायचं? आपल्या उन्हाळ्यात बाटली साधारण दोन तास फ्रीजमध्ये ठेवायची, डीप फ्रीजमध्ये नाही. पाहुणे दारात आले आणि विसरलात तर बादलीत अर्धं पाणी अर्धा बर्फ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, पंधरा मिनिटांत काम होतं, नुसत्या बर्फात खुपसली तर उलट जास्त वेळ लागतो कारण पाणी बाटलीला सगळीकडून लागतं आणि बर्फाचे खडे लागत नाहीत. थर्मामीटर नसेल तर ओतून एक घोट घ्या, माठातल्या पाण्यापेक्षा जरा जास्त गार आणि फ्रीजच्या पाण्यापेक्षा बरीच कमी गार लागली की बरोबर. आणि ग्लासात थोडीथोडीच ओता, कारण आपल्या हवेत ग्लासातली वाइन दहा-पंधरा मिनिटांत परत तापते. बाटली मधून मधून बर्फाच्या पाण्यात ठेवली तरी कोणी काही म्हणणार नाही. फार गार मात्र करू नका, फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतली तर वास येतच नाही आणि तुरटपणा कडक लागतो.

दुसरं म्हणजे शोकेस. टीव्हीच्या वरच्या काचेच्या शोकेसमध्ये बाटली उभी करून ठेवणं हे आपल्याकडे घरोघरी दिसतं, आणि माझ्या मते वाइनचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. उन्हाळाभर ती तिथे राहिली तर आतली वाइन फुगून बूच वर सरकवते, हवा शिरते, फळाचा ताजेपणा जाऊन शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येतो. तुमच्या बाटलीचं बूच काचेच्या काठाच्या वर आलेलं होतं का, बाजूने लाल ओघळ होता का, आठवून बघा. होता असेल तर ती तापलेली होती आणि गार करूनही सुधारली नसती. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा, वर्षभर राहिली तरी शोकेसपेक्षा शंभर पटीने बरी. गावाकडे जुनं धाब्याचं घर असेल तर आतल्या अंधाऱ्या खोलीत हिवाळाभर ठेवता येते, एप्रिल लागला की मात्र फ्रीजच. स्पेनमध्ये ऊन काही कमी नसतं म्हणून तर त्यांनी जमिनीखाली जागा केल्या, अरांदा दे दुएरो गावाच्या पोटात जुनी भुयारी तळघरं आहेत आणि रिओहातलं लाग्वार्दिया तर खालून पोखरलेलंच आहे.

भुसावळहून एक निवृत्त रेल्वे कर्मचारी: लेबलवर क्रियान्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा लिहिलेलं असतं. याचा अर्थ चांगली, जास्त चांगली, सगळ्यात चांगली असाच ना? मग दुकानदार सांगतो तशी महागातलीच घ्यावी का?

नाही काका, ती वयाची नोंद आहे, चवीचे मार्क नाहीत. रिओहात क्रियान्सा म्हणजे किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं एक वर्ष ओकच्या बॅरलमध्ये. रेसेर्वा किमान तीन वर्षं, त्यातलं निदान एक बॅरलमध्ये आणि सहा महिने तरी बाटलीत. ग्रान रेसेर्वा पाच वर्षं, दोन बॅरलमध्ये आणि दोन बाटलीत. बॅरल २२५ लिटरचं. रिओहा सोडून स्पेनमध्ये इतर बऱ्याच ठिकाणी लाकडातला वेळ थोडा कमी चालतो, क्रियान्साला सहा महिने आणि ग्रान रेसेर्वाला दीड वर्ष, रेसेर्वाला मात्र तिथेही एक वर्षच. रिओहाच्या बाटलीवर मागे एक छोटा शिक्का चिकटवलेला असतो, क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गडद वाइनच्या रंगाचा, ग्रान रेसेर्वाला निळा, आणि साध्या ताज्या वाइनला हिरवा. लेबलची भाषा समजली नाही तरी शिक्क्याचा रंग बघून अंदाज येतो.

जास्त मुरली की फळ कमी होतं आणि लाकूड, सुकामेवा, तंबाखूचं पान, चामडं असे वास पुढे येतात. काहींना ते आवडतं, काहींना अजिबात नाही. पहिल्यांदा पिणाऱ्याने ग्रान रेसेर्वा घेतली तर बऱ्याचदा तो म्हणतो, यात द्राक्ष कुठंय? म्हणून माझा आग्रह क्रियान्साचा, तिच्यात फळ पण असतं आणि लाकूड पण, आणि शिकायला ती सगळ्यात सोपी. चांगल्या वायनरीची क्रियान्सा कुठल्याही ऐऱ्यागैऱ्या रेसेर्वापेक्षा वरचढ असते हे मी दुकानदारासमोरही सांगेन.

तुम्ही रेल्वेतले म्हणून एक गोष्ट सांगतो, तुम्हाला आवडेल. रिओहा मोठं झालं त्यात रेल्वेचा मोठा हात आहे. १८६० च्या दशकापासून फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षबागांची मुळं खाऊन टाकायला सुरुवात केली, बोर्दोच्या व्यापाऱ्यांना माल मिळेना, ते डोंगर ओलांडून रिओहात आले आणि त्यांच्यासोबत छोट्या बॅरलमध्ये वाइन मुरवण्याची पद्धत तिथे रुजत गेली. माल बिल्बाओ बंदराकडे जायचा रेल्वेने, म्हणून आरो नावाच्या गावात स्टेशनच्या भोवतीच वायनऱ्या उभ्या राहिल्या. लोपेस दे एरेदिया १८७७ ची, कूने १८७९ ची, ला रिओहा आल्ता १८९० ची, तिन्ही आजही त्याच स्टेशनच्या वस्तीत आहेत. पुढे १८९९ मध्ये ती कीड रिओहातही पोचली, पण तोवर पद्धत पक्की झाली होती. फ्रेंच ओकऐवजी तिथे अमेरिकन ओक जास्त वापरला गेला, जुन्या पद्धतीच्या रिओहाला जो व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास येतो तो त्या लाकडाचा.

धुळ्याहून एक ताई: लेबलवर लिहितात चेरी, प्लम, ब्लॅकबेरी, सीडर. मी यातलं अर्धं आयुष्यात खाल्लेलं नाही, मग मला तो वास येणार कसा? माझ्या नाकातच काही कमी आहे का?

ताई, तुमच्या नाकात काहीही कमी नाही. ज्याने जे खाल्लंय त्यालाच ते आठवणार, आणि आपल्याकडे आठवायला भरपूर आहे. करवंदं, जांभूळ, फालसा, तुतू, डाळिंबाचे दाणे, चिंच, आमसूल, काळे मनुके, अंजीर, लवंग, दालचिनी, विड्याचं पान, पाऊस पडल्यावरची काळी माती, एवढे शब्द जवळ असले तर टेम्प्रानियोचं (रिओहाचं मुख्य द्राक्ष) पूर्ण वर्णन करता येतं. मी मराठी शब्दांतच नोंदी करतो आणि तुम्हीही तसंच करा, चेरीची वाट बघत बसू नका.

आता एक क्रियान्सा घ्या, सोबत बसून करतोय असं समजा. ग्लासाचा तिसरा हिस्सा भरा, त्याहून जास्त नाही, कारण वरच्या रिकाम्या जागेतच वास साठतो. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि मधला रंग न बघता कड बघा. कड जांभळट गुलाबी असेल तर वाइन तरुण, विटकरी किंवा नारिंगी व्हायला लागली असेल तर वय झालंय. ग्लासाच्या आतून ओघळ उतरतात त्याला लोक फार महत्त्व देतात, ते अल्कोहोल किती त्यावर अवलंबून असतं, दर्जा त्याच्यावरून ठरत नाही. मग न हलवता एक छोटा वास घ्या, नाक लगेच बाहेर. आता ग्लास टेबलावरच ठेवून गोल फिरवा आणि परत घ्या, दुसऱ्यांदा नक्की वेगळं काहीतरी येईल. माझ्या अनुभवात क्रियान्साला आधी लाल फळ येतं, थोडं आंबटगोड, पिकायला आलेल्या करवंदाच्या आसपासचं, मग ग्लास फिरवल्यावर व्हॅनिला आणि किसलेल्या सुक्या खोबऱ्याचा वास, आणि अमेरिकन ओक जास्त असेल तर मागे एक हिरवट वास येतो जो ओळखायला युरोपातले लोक डिल शोधतात आणि आपल्याला लगेच सापडतो, कारण तो शेपू आहे. शेपूची जुडी निवडताना हाताला येतो तोच. एकदा तो सापडला की परत कधी विसरत नाही.

घोट घेतला की लगेच गिळू नका, जिभेवर सगळीकडे फिरू द्या, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, आवाज झाला तर होऊ दे. दोन्ही गालांच्या आतून पाणी सुटलं का? तो आंबटपणा. हिरड्या आणि ओठांची आतली बाजू कोरडी पडली का? ते टॅनिन. घशात ऊब आली का? ते अल्कोहोल. आणि गिळल्यावर मनातल्या मनात मोजा, चव किती वेळ राहते. पाच सेकंदात गायब झाली तर साधी, वीसच्या पुढे गेली तर तुमच्या हातात चांगली बाटली आहे. हे सगळं वहीत लिहा, तारीख आणि बाटलीचं नाव टाकून, दोन ओळी पुरतात, पण दर वेळी लिहायच्या.

अमळनेरहून: भाऊ, आमना एकच सवाल शे, हाई वाइन इतली तुरट काबर लागस?

तोंडातल्या लाळेत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड ओलं आणि मऊ राहतं. द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठात टॅनिन असतं ते जाऊन त्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. लाल वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिच्यात जास्त, पांढरीत जवळपास नाही. नव्या लाकडातूनही थोडं येतं. आता गंमत अशी की समोर मटण, पनीर किंवा साजूक तूप असलं की टॅनिन त्यातल्या प्रथिनांना आणि चरबीला धरतं आणि तोंडाला सोडतं. घरी करून बघा भाऊ, आधी कोरडा एक घोट घ्या, मग पनीरचा तुकडा चावून दुसरा घोट घ्या, तीच वाइन मऊ झालेली असेल. आपल्यातले बरेच लोक वाइन नुसती घेतात, सोबत खारे दाणे किंवा तिखट शेव, आणि म्हणतात तुरट आहे. स्पेनमधला माणूस रेड वाइन बहुतेक जेवणासोबत घेतो, तिथे ती ताटातली गोष्ट आहे. आणि तुरटपणा अजिबातच झेपत नसेल तर गार्नाचा द्राक्षाची ताजी वाइन मागा, तिची साल पातळ असते, टॅनिन कमी येतं.

यावल तालुक्यातून एक वाचक: थंडीत आमच्याकडे शेतात भरीत पार्ट्या असतात. शेवभाजी, काळ्या मसाल्याचं मटण हेही असतंच. यांच्याबरोबर स्पॅनिश वाइन चालते का, की आपलं जेवण तिच्यासाठी फारच तिखट?

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. भरीतासोबत चालते, आणि नुसती चालत नाही तर फार छान जाते, पण बाटली बरोबर निवडायला हवी.

आधी तिखटाचं समजून घ्या. मिरचीची जळजळ अल्कोहोलने वाढते आणि टॅनिनने तोंड अजून खडबडीत होतं, म्हणून १५ टक्क्यांची जाडजूड वाइन आणि झणझणीत शेवभाजी एकत्र आली की दोन्हींचं नुकसान. भरीताचं तसं नाही. बामणोदकडची ती मोठी हिरवी-पांढरट वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजून, साल काढून, लाकडी बडगीत ठेचून, वरून तेलात परतलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, यात मुख्य चव धुराची आणि तेलाची आहे, आणि या दोन्ही गोष्टी स्पॅनिश रेडला जवळच्या आहेत. रिओहात द्राक्षाच्या छाटणीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्याच्या निखाऱ्यावर कोकराच्या बरगड्या भाजतात, आपण कपाशीच्या काड्या जाळतो, ते वेलीच्या. आणि कातालोनियात तर वांगी आणि लाल मिरच्या विस्तवावर अख्ख्या भाजून, साल काढून, लांब चिरून ऑलिव्ह तेल घालून खातात, त्याला एस्कालिवादा म्हणतात. हे वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल की त्या लोकांना भरीत समजावून सांगायला काहीही कष्ट पडणार नाहीत.

तर भरीत आणि कळण्याच्या पुरीबरोबर मी ताजी गार्नाचा घेईन, कालातायुद किंवा काम्पो दे बोर्हाकडची, चांगली १४ डिग्रीपर्यंत गार केलेली. बिएर्सो भागातली मेन्सिया द्राक्षाची वाइन मिळाली तर अजून उत्तम, तिला एक फुलांचा आणि ओल्या दगडाचा वास असतो, धुराबरोबर तो उठून दिसतो, पण आपल्याकडे ती क्वचितच दिसते. मिरच्या नेहमीपेक्षा थोड्या कमी टाका एवढीच विनंती, तेल कमी करू नका. काळ्या मसाल्याचं मटण असेल, खोबरं-कांदा भाजून, दगडफूल घालून केलेलं, तर रिबेरा देल दुएरो भागातली क्रियान्सा किंवा हुमिया भागातली मोनास्त्रेल द्राक्षाची वाइन, यांना अंग आहे, त्या रश्श्यापुढे टिकतात, मात्र तर्री बाजूला काढून ठेवा. वरण-बट्टीवर तूप सढळ हाताने ओतलेलं असतं, तिथे रिओहा क्रियान्सा डोळे झाकून घ्या. शेवभाजीला मी रेड देणार नाही, कितीही सांगितलं तरी. आणि आमरस-खापरावरचे मांडे असतील त्या दिवशी बाटली उघडूच नका, गोडासमोर कोरडी वाइन आंबट आणि कडवट होऊन जाते, आणि मांड्यांना सोबत लागत नाही.

रावेरहून एक केळी बागायतदार: आमची केळी, पण पाहुण्यांच्या नाशिककडे द्राक्षबागा आहेत म्हणून विचारतो. स्पेनमध्ये पण आपल्यासारखंच ऊन आहे म्हणतात, मग त्यांची वाइन एवढी चांगली कशी? आणि रिओहा सोडून काय बघावं?

ऊन आहे पण रात्र वेगळी आहे. रिबेरा देल दुएरोचे मळे समुद्रसपाटीपासून साधारण ७०० ते १००० मीटरवर आहेत, उन्हाळ्यात दुपारी ३५ च्या वर जातं आणि रात्री गारठा पडतो. दिवसा साखर बनते, रात्री थंडीमुळे द्राक्षातलं आम्ल जळत नाही, टिकून राहतं, म्हणून वाइन दणकट असूनही ताजी लागते. आपल्याकडे मे महिन्याची रात्रही तापलेलीच असते. शिवाय त्यांची वेल हिवाळ्यात झोपते, एकदाच छाटणी होते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आपल्याकडे वेल झोपतच नाही, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी अशा दोन कराव्या लागतात आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चला, हे तुमच्या पाहुण्यांना माहीतच आहे. दिंडोरी भागात टेम्प्रानियो लावून झालीये, तीही एकदा चाखून बघा.

तुम्हाला शेतकरी म्हणून हुमिया आवडेल. वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे आपल्या निम्म्याहून कमी, चुनखडीची भरड जमीन, आणि तिथे मोनास्त्रेलची वेल मांडवाशिवाय, तारेशिवाय, गुडघ्याएवढं बुटकं झुडूप म्हणून वाढवतात, दोन वेलींत अडीच-अडीच मीटर अंतर सोडून, की प्रत्येकीला मुळं पसरून पाणी शोधता यावं. पानांची सावली स्वतःच्याच घडांवर पडते. वाइन गडद, जांभळाच्या गराची आणि काळ्या मनुक्यांची चव, बहुतेक वेळा खिशाला परवडणारी.

दुसऱ्या टोकाला प्रियोरात. उभे डोंगर, पायऱ्यांसारखे तुकडे, ट्रॅक्टर जात नाही, आणि जमीन म्हणजे काळपट चमकणारे पाटीच्या दगडाचे तुकडे, त्याला तिथे यिकोरेया म्हणतात. म्हाताऱ्या गार्नाचा आणि कारिन्येनाच्या वेली त्या फटींतून खाली मुळं सोडतात, वेलीमागे फळ फार थोडं येतं. हा भाग ओसाड पडत चालला होता, १९८० च्या दशकाच्या शेवटी रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे बागा घेऊन नव्याने वाइन काढली आणि आज स्पेनमध्ये सगळ्यात वरचा दर्जा असलेले दोनच भाग आहेत, रिओहा आणि प्रियोरात. महाग असते, पण कधी संधी मिळाली तर एक ग्लास तरी घ्याच. द्राक्षबागांचं क्षेत्र बघाल तर स्पेन जगात पहिला, नऊ लाख हेक्टरच्या वर, त्यामुळे बघायला बरंच काही आहे, तोरो हा भाग आणि बोबाल द्राक्षाचा उतिएल-रेकेना हा भाग पुढच्या वेळी.

नंदुरबारहून: मी रेड वाइनमध्ये बर्फ आणि लिंबू सोडा टाकतो, मित्र हसतात.

हसू द्या. स्पेनमध्ये उन्हाळ्यात हेच पितात, स्वस्त ताजी रेड, गोडसर लिंबू सोडा, भरपूर बर्फ, त्याचं नाव तिंतो दे वेरानो. बास्क भागात तर कोलामध्ये मिसळतात. फक्त रेसेर्वाचं असं करू नका, तिच्यावर माणसांनी तीन वर्षं खर्च केलेली असतात.

चाळीसगावहून एक वाचक: रेड प्यायल्यावर डोकं दुखतं, ते सल्फाइटमुळे असतं का? आणि हृदयाला चांगली असते म्हणून रोज एक ग्लास घ्यावी का?

सल्फाइटला उगाच दोष देतात. युरोपच्या नियमात कोरड्या रेडला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि पांढरीला २००, म्हणजे रेडमध्ये उलट कमी चालतं, आणि सुक्या जर्दाळूत किलोमागे २००० पर्यंत चालतं. जर्दाळू खाऊन डोकं दुखत नसेल तर कारण दुसरं. (दम्याच्या काही लोकांना सल्फाइटचा त्रास खरंच होतो, त्यांनी जपावं.) पोटात अन्न आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी, आपल्या हवेत हे पाळलं तर निम्मी डोकेदुखी जाते. तरी दुखत असेल तर पिऊ नका. आणि औषध म्हणून तर अजिबात नको, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. वाइन आवडते म्हणून, थोडी आणि कधीतरी, एवढंच तिचं स्थान ठेवा. डायबेटिस, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही.

चोपड्याहून मित्रांचा ग्रुप: आम्ही आठ जण मिळून स्पॅनिश वाइनची टेस्टिंग करायचं म्हणतोय. कसं करावं? इकडे बाटल्या मिळत नाहीत आणि किमती बघून घाम फुटतो.

किमतीचं कारण कर, बरीच वर्षं नुसतं केंद्राचं आयात शुल्कच १५० टक्के राहिलंय, वर राज्याचे कर वेगळे, त्यामुळे तिकडची साधी बाटली इकडे दिमाखात बसते. म्हणूनच आठ जणांनी मिळून घेणं हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग. नाशिक किंवा पुण्याच्या मोठ्या दुकानातून घ्या, आणि दुकानात बाटली उन्हाच्या बाजूच्या काचेत उभी असेल तर ती सोडून आतली मागा, धूळ बसलेली असली तरी चालेल. उन्हाळ्यात आणत असाल तर गाडीच्या डिक्कीत टाकू नका, आईसबॉक्स ठेवा. डिसेंबर-जानेवारीत केलं तर निम्म्या अडचणी आपोआप जातात.

चार बाटल्या पुरेत. एक ताजी गार्नाचा (तोर्रेसची सांग्रे दे तोरो बऱ्याच लोकांना माहिती असते, गळ्यात छोटा बैल लटकवलेली, तीही मुख्यतः गार्नाचाच), एक रिओहा क्रियान्सा, एक रिओहा रेसेर्वा आणि एक रिबेरा किंवा हुमिया. ओतायच्याही याच क्रमाने, हलकीकडून जडकडे, कारण जड आधी घेतली की हलकी पाण्यासारखी लागते. बाटलीत ७५० मिलि असतात, आठ जणांना प्रत्येकी ५० मिलि दिले तरी जवळजवळ निम्मी बाटली जेवणासाठी उरते, आणि चाखायला ५० भरपूर झाले. मध्ये एक रिकामं भांडं ठेवा, थुंकण्यात कमीपणा नाही, जे हे काम रोज करतात ते सगळे थुंकतात, नाहीतर तिसऱ्या बाटलीनंतर सगळ्यांना सगळंच छान लागायला लागतं. सोबत साधी ज्वारीची भाकरी, पनीर, भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे, पाणी. अत्तर, उदबत्ती, गुटखा, तपकीर, सगळं बंद. क्रियान्सा आणि रेसेर्वा शेजारी शेजारी ठेवून प्या, वर भुसावळच्या काकांना जे सांगितलं ते सगळं दहा मिनिटांत जिभेला कळेल. प्रत्येकाने आधी गुपचूप लिहायचं आणि मग बोलायचं, नाहीतर ग्रुपमधला जो मोठ्याने बोलतो त्याचंच नाक सगळ्यांना लागतं. जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ किंवा बुचाला चकाकणारे खडे दिसले तर घाबरू नका, ते द्राक्षातलंच आहे, शेवटचा दोन बोटं भाग ओतू नका म्हणजे झालं. पण ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट गोणपाटाचा वास आला तर ते बूच खराब निघालेलं असतं, बाटली कितीही महाग असली तरी बाजूला ठेवा.

शिरपूरहून: उरलेली बाटली किती दिवस टिकते?

बूच परत लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, ग्रान रेसेर्वा मात्र दुसऱ्या दिवशीच संपवा. प्यायच्या आधी पाऊण तास बाहेर काढून ठेवा, उन्हाळ्यात वीस मिनिटं पुरतात. त्यापुढे आंबट झाली तर मटणाच्या मॅरिनेशनला वाटीभर घाला, दह्याऐवजी, दोघं एकत्र नको.